झडती

जेल रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून येते ती.
फॅन दिवाळीपासून बंद.
पातं आणि भिंत यांच्यात दोन बोटं जागा,
तिला तेवढी पुरते.

आधी बेदाणे गेले, पिंपळगावहून आलेले,
मग पायपुसण्याचा काथ्या,
मग देवापुढच्या वाती.
चातुर्मासासाठी वळून ठेवलेल्या, पाचशे.
मोजलेल्या.
मोजल्याशिवाय मी काही ठेवत नाही.

बोरस्तेबाई म्हणाल्या,
अहो, तिच्या पाठीवर रामाची बोटं आहेत.
म्हटलं, असू देत.
आमच्या गेटवर देवाची माणसंही
हात वर करून उभी राहायची.

डांबराच्या गोळ्या ठेवल्या. तिने खाली ढकलल्या.
तिखट फुंकलं. शिंकले मीच.
शालिमारच्या फुटपाथवरून रबरी साप आणला, चाळीस रुपयांचा.
तिसऱ्या दिवशी त्याच्याच फण्यावर बसून
ती देशी बदाम सोलत होती.

एकतीस वर्षं मी बायकांच्या गेटवर होते.
प्रेसचा भोंगा झाला की रांग.
अंबाडा, डब्याचं झाकण, निऱ्या, चपलेचा तळ.
कागदाचा कपटा बाहेर जाऊ द्यायचा नाही.
नाही गेला.
आता गेट उलटं झालंय,
बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही,
आणि येतंय.

जलील मिस्त्री जाळी लावून गेला.
चार स्क्रू.
करंगळी जात नाही, मी घालून पाहिली.

रात्र शांत.
पहाटे जाळीबाहेर चिरचिर,
ती सवयीची.
पण आतून, माळ्यावरून,
जुन्या कुकरच्या खोक्यातून
तिला उत्तर आलं. बारीक,
शिट्टीत हवा कमी पडावी तसं.

स्टुलावर चढले.
माझ्या वाती. सगळ्या,
पिंजून गोल केलेल्या,
आणि मधोमध तीन.
डोळे मिटलेले,
पाठीवरच्या रेघा अजून नीट उमटल्या नव्हत्या.

मंदाकिनी खैरनार.
बाळंतपणाची रजा संपवून आली त्या आठवड्यात
ब्लाउजमध्ये माझ्या हाताला बोळा लागला.
काढ, म्हटलं.
बाई, कापूस आहे.
उलगड, म्हटलं.
मागे साठ बायका उभ्या.
तिने उलगडला. ओला.
मी पुन्हा उलगडायला लावला, पुरता,
चिमटीत धरून उजेडाकडे केला.
रजिस्टरमध्ये लिहिलं, काही आढळले नाही.
सही केली.
नियम बरोबर होता. आजही म्हणेन, बरोबर होता.
पण घरी येऊन भात कालवताना
हाताला दुधाचा वास होता.

स्क्रूड्रायव्हर सापडेना.
सुरीच्या टोकाने चारही काढले,
आणि लांब जाऊन बसले, भिंतीला पाठ लावून.
ती आली. थांबली.
रांगेतल्या नव्या बाईने पाहावं तसं पाहिलं,
हात वर करायचे की नाही?
जा, म्हटलं.

पोटाला धरून तिने एक उचललं,
ते तिच्या गळ्याभोवती मफलरसारखं गुंडाळलं गेलं.
मग बराच वेळ काही नाही. चहा गार झाला.
मग दुसरं.
तिसऱ्याला दुपार टळली.
वाटलं, विसरली.
विसरली नव्हती.

संध्याकाळी जाळी परत लावली.
चारही स्क्रू, घट्ट. करंगळी घालून पाहिली.
नव्या वाती वळल्या,
त्या आता स्टीलच्या डब्यात, पाचशे.

गॅलरीच्या कठड्यावर
कापसाचा एक बोळा ठेवते रोज,
वाऱ्याने जाऊ नये म्हणून खड्याखाली अर्धा दाबून.
सकाळी नसतो.
त्याची नोंद मी करत नाही.